जुनी गाडी घेताना या चुका टाळा: आधी कागद, मग इंजिन, पॉलिश सगळ्यात शेवटी

सोयाबीन विकून पैसे हातात आले आणि दसरा-दिवाळी तोंडावर आली की आमच्या मराठवाड्यात घराघरांत एकच विषय निघतो: यंदा चारचाकी घ्यायची. नवी परवडत नाही म्हणून जुनी. बजेट तीन-साडेतीन लाखांचं, घरात पाच-सहा माणसं, आईच्या गुडघ्यांना मोटारसायकलवर मागं बसणं झेपत नाही, पोरांची शाळा तालुक्याला. गरज खरी असते आणि पैसा कष्टाचा असतो. म्हणूनच तो चुकीच्या गाडीत अडकला की फार वाईट वाटतं.

बहुतेक चुकांचं मूळ एकच आहे. बघण्याचा क्रम उलटा असतो. आधी रंग आणि सीट कव्हर, मग म्युझिक सिस्टीम, मग भाव, मग जमलं तर इंजिन. कागद तर गाडी दारात आल्यावर, ‘होऊन जातील की’ म्हणून. हा क्रम उलटा करा. आधी कागद, मग घरचा वापर, मग यंत्र, मग भाव. कागद सरळ नसेल तर ती गाडी बघायलाही जाऊ नका. एकदा पोरं आत बसली आणि घरच्यांनी पसंत केली की मन मागं फिरत नाही.

बॉन्ड केला म्हणजे गाडी नावावर झाली, हा समज

आपल्या भागातली सगळ्यात महाग चूक हीच. तहसीलसमोर बॉन्ड घ्यायचा, नोटरी करायची, टीटीच्या, म्हणजे मालकी बदलाच्या, फॉर्मवर मालकाच्या कोऱ्या सह्या घ्यायच्या आणि गाडी घरी आणायची. त्यानंतर वर्षानुवर्षं आरसी जुन्याच मालकाच्या नावावर. अशी एकच गाडी तीन-चार हात फिरते आणि शेवटच्या माणसाला पहिला मालक ओळखतही नाही.

नोटरी हा दोघांतल्या व्यवहाराचा पुरावा आहे, मालकी हस्तांतर नव्हे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात विक्री झाली तर विकणाऱ्यानं १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत आपल्या नावासाठी अर्ज करायचा असतो. त्यासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट सांगितलं की अपघाताच्या भरपाईच्या प्रकरणात आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, तोच मालक धरला जाईल. म्हणजे गाडी विकून मोकळा झालो असं समजणारा माणूसही मोकळा झालेला नसतो. हे विकणाऱ्याला समजावून सांगा. नाव लवकर बदलण्यात त्याचाही फायदा आहे हे कळलं की तो टाळाटाळ करत नाही.

आता बरंचसं काम ऑनलाइन होतं आणि त्यासाठी मूळ मालकाच्या मोबाइलवर ओटीपी जातो. कोऱ्या सह्यांचा फॉर्म कपाटात ठेवून भागत नाही. मालक जिवंत, हजर आणि फोन उचलणारा हवा. मालक वारला असेल तर आधी वारसाच्या नावावर फॉर्म ३१ नं गाडी जाते, मग तुमच्या. मधला टप्पा टाळून ‘मुलगा सही करतोय ना’ म्हणून पैसे देऊ नका.

पाहुण्यातली गाडी असेल तर आपण कागद मागायलाच लाजतो. दाजींना आरसी कशी मागायची, मामांना बँकेचा दाखला कसा विचारायचा! विचारा. उलट नात्यात जास्त स्पष्ट विचारा, कारण पुढं काही निघालं तर पैशांबरोबर नातंही खराब होतं. ‘दाजी, आरटीओचं काम आहे, त्यांना सगळं लागतंय’ एवढं म्हटलं तरी पुरतं.

इसार देण्याआधी गाडी नंबरावरून एमपरिवहन अ‍ॅपवर बघा. मालकाचं नाव तिथं अर्धवट दिसतं, पण कितवा मालक, नोंदणीची तारीख, विमा, पीयूसी आणि गाडीवरचा कर्जाचा बोजा हे कळतं. ई-चलन वेगळं तपासा. समृद्धी महामार्गावर किंवा पुण्यात फिरलेल्या गाडीवर वेगमर्यादेची चलनं साठलेली असू शकतात आणि विकणाऱ्यालाही ती माहीत नसतात. मग अ‍ॅपवरचं नाव, आरसीवरचं नाव आणि समोर बसलेला माणूस हे तिन्ही जुळतात का बघा. चॅसी नंबर गाडीवर प्रत्यक्ष वाचा, फोटोवर विश्वास ठेवू नका.

बोज्याचा मुद्दा आमच्याकडे जरा जास्तच जपावा लागतो. आरसीवर बँकेचं किंवा फायनान्स कंपनीचं नाव असेल तर कर्ज फिटल्यावर ना-हरकत दाखला आणि फॉर्म ३५ मिळतो, त्यानं बोजा उतरतो. पण गाडी पतसंस्थेच्या किंवा मल्टिस्टेट सोसायटीच्या कर्जावर घेतलेली असली आणि ती संस्था आज बंद पडलेली असली, तर दाखला द्यायला माणूसच सापडत नाही. मग अवसायक (बंद संस्थेचा हिशेब मिटवणारा अधिकारी) नाही तर प्रशासक शोधत फिरावं लागतं. अशा गाडीचा बोजा विकणाऱ्यानं आधी उतरवून द्यावा, मगच बोलणी. ‘पन्नास हजार कमी करतो, तुम्ही बघून घ्या’ असं कुणी म्हणालं तर ते पन्नास हजार तुमच्याच चपला झिजवण्याची किंमत आहेत.

बाहेरची पासिंग, स्वस्त भाव

नांदेड, उदगीर, देगलूर, उमरगा या पट्ट्यात तेलंगणा-कर्नाटकच्या गाड्या सहज दिसतात. दिल्ली-हरियाणाच्याही येतात, कारण राजधानी परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आले आणि त्या गाड्या इतर राज्यांत विकायला निघाल्या. भाव ऐकून डोळे दिपतात. पण बाहेरच्या राज्यातली गाडी इथं बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर इथं पुन्हा नोंदणी करावी लागते. मूळ आरटीओची एनओसी लागते आणि महाराष्ट्राचा रस्ता कर भरावा लागतो. तिकडे भरलेल्या कराचा परतावा मागण्याचं काम वेगळंच. हा सगळा हिशेब आपल्या आरटीओत विचारून गाडीच्या किमतीत मिळवा. बहुतेकदा मग ती गाडी आपल्या एमएच-२४ किंवा एमएच-२६ पासिंगच्या गाडीएवढीच महाग पडते.

पुण्याच्या गाड्यांचं थोडं वेगळं आहे. एमएच-१२ आणि एमएच-१४ च्या गाड्या आपल्याकडे भरपूर येतात, त्यांत चांगल्याही असतात. पण तिकडे टॅक्सीत पळालेली डिझायर किंवा वॅगन आर खासगी नोंदणीच्या पांढऱ्या पाटीवर करून इकडे विकायला ठेवलेली असू शकते. टॅक्सी म्हणून नोंद होती का ते विचारा. स्पीड गव्हर्नर (वेग बांधून ठेवणारं यंत्र) बसवल्याच्या खुणा, मागच्या सीटचा बसका फोम, मागच्या दारांची ढिली हँडल बघा. घरच्या गाडीत ड्रायव्हरची सीट आधी झिजते, टॅक्सीत मागचीही तेवढीच.

मुंबई-कोकणातली गाडी आली तर खाली वाकून गंज बघा. समुद्राच्या हवेनं पत्रा खालून खाल्लेला असतो. आपल्या कोरड्या हवेत वाढलेल्या गाडीला हा त्रास कमी.

डिझेलचा हट्ट

‘डिझेल परवडतंय’ हे वाक्य आपल्याकडे अजून जिवंत आहे, आणि त्यात तथ्य नाही असं नाही. परभणीसारख्या शहरांत पेट्रोल राज्यात सगळ्यात महाग पडणाऱ्यांत असतं. पण हिशेब मांडा. महिन्याला ५०० किलोमीटर चालणारी गाडी, पेट्रोलला सोळाचं अ‍ॅव्हरेज, डिझेलला वीसचं. पेट्रोल १०६ आणि डिझेल ९२ रुपये धरलं तर महिन्याला हजारभर रुपये वाचतात, वर्षाला बारा हजार. जुन्या डिझेल गाडीचे इंजेक्टर, टर्बो किंवा क्लचसेट यांतलं एक काम निघालं की दोन-तीन वर्षांची बचत गॅरेजवाल्याकडे गेली.

रोज साठ-सत्तर किलोमीटर पक्कं चालणं असेल तर डिझेल जरूर घ्या. मारुतीनं एप्रिल २०२० पासून डिझेल बंद केलं, पण त्यांचं १.३ चं इंजिन इतक्या गाड्यांत बसलेलं आहे की त्याचा मेकॅनिक तालुक्याला मिळतो. मात्र १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेलमध्ये धूर गाळणारा फिल्टर असतो आणि तो मोकळा व्हायला गाडी मोठ्या पल्ल्यावर चालावी लागते. गावातल्या गावात, शाळा-बाजार-शेत एवढंच चालणं असेल तर तो चोंदतो. अशा घरात पेट्रोलच.

सीएनजी घेताना एकच प्रश्न: पंप तुमच्या रोजच्या वाटेवर आहे का? असेल आणि रांगेत थांबायची तयारी असेल तर फायदा आहे. बाहेरून बसवलेलं किट आरसीवर चढवलेलं आहे का आणि टाकीची दर तीन वर्षांची चाचणी झाली आहे का, हे बघितल्याशिवाय हात लावू नका. डिकी जाते हेही लक्षात ठेवा. पंढरपूर किंवा माहूरला सहा जणांच्या पिशव्या मग मांडीवर.

नावापेक्षा मेकॅनिक जवळचा बघा

स्वस्तात मोठी गाडी म्हणून लोक शेवर्ले, फोर्ड, फियाट उचलतात. शेवर्लेनं २०१७ मध्ये भारतातली विक्री थांबवली, फोर्डनं सप्टेंबर २०२१ मध्ये इथलं उत्पादन बंद करत असल्याचं जाहीर केलं. यातल्या काही गाड्या चालवायला अतिशय उत्तम आहेत, मी त्यांना नावं ठेवणार नाही. पण धाकट्याच्या परीक्षेच्या दिवशी सकाळी गाडी बंद पडली आणि सुटा भाग संभाजीनगर किंवा पुण्याहून यायचा असेल, तर कुटुंबासाठी ती गाडी चुकीची. स्कोडाचा कारखाना तर शेंद्र्याला आपल्याच मराठवाड्यात आहे, तरी जुनी स्कोडा घेण्याआधी तुमच्या तालुक्यात तिचं काम करणारा कोण आहे ते शोधा.

माझं मत विचाराल तर तीन-साडेतीन लाखांत पाच माणसांच्या घरासाठी वॅगन आर, सेलेरिओ, ग्रँड आय१० आणि टियागो यांच्या पेट्रोल गाड्यांतून शोध सुरू करावा. वॅगन आरची सीट उंच असल्यानं म्हाताऱ्या माणसांना वाकावं लागत नाही, आणि मला हे अ‍ॅव्हरेजपेक्षा मोठं वाटतं. टियागोला २०२० मध्ये ग्लोबल एनकॅपच्या धडक-चाचणीत चार तारे मिळाले होते, वॅगन आरला २०२३ मध्ये एकच. दोन्ही बाजू समोर ठेवून घरात बोला. आईवडिलांना गाडीत बसवून, उतरवून बघा. बुजुर्गांना न नेता घेतलेली गाडी बऱ्याचदा त्यांना चढता येत नाही म्हणून अंगणातच उभी राहते.

सात सीटची हौस करताना शेवटच्या ओळीत तुम्ही स्वतः बसा. एप्रिल-मेच्या बेचाळीस-त्रेचाळीस डिग्रीत तिथं एसीची हवा पोहोचते का, ते दुपारी दोन वाजता कळतं, संध्याकाळी नाही.

सुरक्षेसाठी एक तारीख पाठ ठेवा: १ जुलै २०१९. त्या दिवसापासून चालकाची एअरबॅग, सीट बेल्टची आठवण देणारा आवाज आणि मागचे पार्किंग सेन्सर सक्तीचे झाले. एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, त्याआधी एप्रिलपासून. त्याआधीच्या बेस मॉडेलमध्ये यातलं काहीच नसू शकतं. इथं नोंदणीची तारीख नव्हे, आरसीवरचा उत्पादनाचा महिना बघा. २०१८ च्या अखेरीस बनलेली गाडी २०१९ मध्ये नोंदवलेली असू शकते.

इंजिन बघताना काय चुकतं

पहिली चूक म्हणजे गरम इंजिन बघणं. तुम्ही पोहोचण्याआधीच गाडी चालू करून ठेवलेली असेल तर त्या दिवशी परत या. सकाळी थंड गाडी पहिल्या सेल्फला उचलते का, मागून निळा धूर येतो का, हे थंड असतानाच कळतं. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ चिकटा असेल तर हेड गॅस्केट (इंजिनाच्या हेडखालचं सील) गेल्याची शंका घ्या.

दुसरी गोष्ट खास आपल्या भागातली. रेडिएटरमध्ये कूलंटऐवजी बोअरचं पाणी टाकायची सवय. आपल्याकडचं बोअरचं पाणी किती जड आहे ते घरच्या गीझरला विचारा. त्याच क्षारांनी रेडिएटर आणि इंजिनच्या आतल्या वाटा बुजतात, गंज धरतो आणि उन्हाळ्यात गाडी तापायला लागते. इंजिन थंड असताना झाकण उघडून बघा. कूलंट हिरवं, लाल किंवा निळं, पण स्वच्छ हवं. गढूळ, तांबूस पाणी दिसलं की ती गाडी कधीतरी तापली असणार, असं धरूनच पुढची चौकशी करा. मग एसी लावून, चार माणसं बसवून पाऊण तास चालवा. जवळ घाट असेल तर सोन्याहून पिवळं. मांजरसुंबा किंवा तुळजापूरचा घाट पूर्ण भरलेल्या गाडीनं चढला की क्लच, कूलिंग आणि एसी तिन्हींची परीक्षा होते. अनेक छोट्या गाड्यांत तापमानाचा काटाच नसतो, नुसता दिवा असतो. त्यासाठी मेकॅनिककडून स्कॅनर लावून आकडा बघा.

पाण्यात गेलेली गाडी ही आता दूरची गोष्ट राहिली नाही. २०२५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात मराठवाड्यात जो पाऊस झाला, त्यात धाराशिव, बीड, लातूर, नांदेडकडची गावंच्या गावं पाण्याखाली गेली. त्याआधी २०१९ आणि २०२१ मध्ये कोल्हापूर-सांगलीचा पूर होता. बुडालेली गाडी धुऊन-पुसून नवी दिसते, पण वायरिंग आणि कॉम्प्युटर पुढं महिन्या-दोन महिन्यांनी दगा देतात. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढा, आतल्या टोकाला गाळाची रेघ राहते. कार्पेट उचलून वास घ्या. सीटच्या रुळांवरचा गंज, स्टेपनीच्या खड्ड्यातली माती, हेडलाइटच्या आतला ओलसरपणा बघा. काळ्या मातीचा बारीक गाळ फ्यूज बॉक्समध्ये दिसला तर विषय संपला.

किलोमीटरच्या आकड्यावर भाव ठरवू नका. मीटर मागं फिरवणं अवघड राहिलेलं नाही. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला मालकाला सोबत नेऊन जुन्या सर्व्हिसची नोंद काढा. ते जमत नसेल तर पॅडलचे रबर, गिअर नॉब आणि स्टिअरिंगची झीज आकड्याशी जुळते का बघा. अपघाताचं चिन्ह रंगात कमी आणि बोल्टमध्ये जास्त दिसतं: बॉनेट आणि दारांच्या बिजागरींचे बोल्ट पान्यानं फिरवलेले आहेत का, दाराचं रबर काढल्यावर कंपनीचे वेल्डिंगचे ठिपके दिसतात का, सगळ्या काचांवर एकाच कंपनीचा आणि साधारण त्याच वर्षाचा शिक्का आहे का. बंपरचा टच-अप कुणाच्याही गाडीला असतो, त्यावरून गाडी नाकारू नका. एप्रन (बॉनेटखालचा बाजूचा पत्रा) आणि पिलर (छत पेलणारे खांब) सरळ हवेत.

टायरची नक्षी चांगली म्हणजे टायर चांगला, असं नाही. बाजूवर चार आकडे असतात. ३२१९ असेल तर २०१९ चा बत्तिसावा आठवडा. सहा-सात वर्षांचा टायर गावात चालून जाईल, पण तोच घेऊन जालन्याहून समृद्धीला लागलात आणि मेच्या उन्हात शंभर-एकशेवीसनं तासन्तास पळालात, तर तो फुटण्याचा धोका खरा आहे. गाडीत घरचीच माणसं असतात.

तुमच्या खात्रीचा मेकॅनिक न्या आणि त्याला त्याच्या वेळेचे पैसे द्या. विकणाऱ्यानं किंवा दलालानं सुचवलेला नको. रॅम्पवर चढवून खालून बघू देत नसतील तर उठून या.

भाव आणि उरलेले पैसे

२२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला आणि नव्या गाड्या स्वस्त झाल्या. काही विक्रेते अजून त्याआधीच्या नव्या गाडीच्या किमतीवरून जुनीचा भाव सांगतात. म्हणून आधी त्याच मॉडेलची आजची शोरूम किंमत काढा. दोन-तीन वर्षांची जुनी गाडी नव्यापेक्षा लाखभरच कमी पडत असेल तर नवीचाही विचार करा, कारण जुन्या गाडीच्या कर्जाचा व्याजदर नव्यापेक्षा जास्त असतो.

साडेतीन लाख असतील तर गाडी तीन लाखांच्या आतलीच बघा. उरलेले पैसे मौजमजेचे नाहीत. छोट्या गाडीचे चार टायर साधारण पंधरा-सोळा हजार, बॅटरी चार-पाच हजार, विमा, आरटीओ, सगळी ऑइलं, ब्रेक पॅड, आणि क्लच निघाला तर तो. गाडी पंधरा वर्षांच्या जवळ असेल तर नोंदणीचं नूतनीकरण येतं, ज्याचं शुल्क २०२२ पासून ६०० वरून ५,००० रुपये झालं, शिवाय पर्यावरण कर. एप्रिल २०१९ आधीच्या गाडीला हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसवली आहे का तेही विचारा.

विकणाऱ्याला नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल विम्यात मिळणारी सूट) मिळत असेल तर त्यावर तुम्ही भाव वाढवू नका. तो बोनस माणसाचा असतो, गाडीबरोबर येत नाही.

गाडी घेऊन बसला असाल तर

नावावर झाली नसेल तर आजच जुन्या मालकाला गाठा. उशीर झाला तरी दंड भरून हस्तांतर होतं. तो ऐकत नसेल तर बॉन्डची प्रत, पैसे दिल्याचे बँकेतले पुरावे आणि त्याला पाठवलेली लेखी नोटीस घेऊन आरटीओत जा. रोखीनं दिले असतील तर पुरावा राहत नाही, म्हणून पुढचा प्रत्येक रुपया खात्यातून द्या.

विमा कंपनीला १४ दिवसांत कळवायचं असतं. थर्ड पार्टी विमा गाडीबरोबर येतो, पण तुमच्याच गाडीचं नुकसान झालं किंवा ती चोरीला गेली तर जुन्या नावावरच्या पॉलिसीवर दावा अडतो. हे राहिलं असेल तर हस्तांतराच्या अर्जासोबतच उरका.

गाडी तापते आहे? नुसतं पाणी भरत राहू नका आणि गरम झाकण तर अजिबात उघडू नका. आधी पंखा फिरतो का, थर्मोस्टॅट, मग रेडिएटर साफ करून योग्य कूलंट. एवढ्यानं थांबलं तर ठीक. पाणी तरीही कमी होत असेल आणि बाहेर कुठं गळत नसेल, तर ते इंजिनात जळतंय. गाडी तिथंच थांबवा, टोइंग करून गॅरेजला न्या. तापलेल्या इंजिनावर घरापर्यंत पोहोचायचा हट्ट केला की हेड वाकतं आणि काही हजारांचं काम पन्नास हजारांवर जातं.

एसी गार करत नसेल तर ‘गॅस भरून देतो’ म्हणणाऱ्याला आधी गळती कुठून होते ते शोधायला लावा. नाहीतर पुढच्या एप्रिलात पुन्हा तोच गॅस, तेच पैसे.